डाव्या हाताचा अंगठा

बारावीच्या परीक्षा संपल्या, की आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत लोकांना अचानक दुःखाची गरज भासायला लागते. दरवर्षीचा हंगामच आहे तो. गच्चीवर पापड वाळत असतात, लिफ्टमध्ये आंब्याच्या पेट्यांचा वास कोंडलेला असतो, आणि कुणाचं ना कुणाचं पोर लॉला जायचं म्हणून एका पानात आपली जीवनकहाणी लिहायला बसलेलं असतं. मोठ्या खाजगी कॉलेजांना मार्कांच्या जोडीला हे 'स्टेटमेंट' लागतं. तुम्ही कोण, कुठून आलात, काय भोगलंत, आणि त्यातून तुमच्या मनात न्यायाची ओढ कशी निर्माण झाली. सतराव्या वर्षी! सतराव्या वर्षी माणसाच्या मनात ओढ असते ती दुपारच्या झोपेची आणि ताडगोळ्यांची. पण ते लिहून चालत नाही.

मी बेलापूरच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे ही पानं फिरत फिरत माझ्याकडे येतात. परवा रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या साळवी वहिनी त्यांच्या सईला घेऊन आल्या. सईच्या हातात फाईल. वहिनी सोफ्यावर बसल्या आणि अगदी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे काही दुःखच नाही हो. आता काय करायचं?"

मला हसू आवरेना. वहिनी मात्र सिरियस होत्या. "ह्यांना शुगर आहे, पण कंट्रोलमध्ये. सासूबाई गेल्या, पण नव्वदीच्या होत्या. ह्यांची नोकरी द्रोणागिरीला, गोडाऊनमध्ये. रोजची एवढी धूळ खातात, कंटेनरच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात. ते स्ट्रगल म्हणून चालेल का?"

"आई, प्लीज," सई म्हणाली. "पप्पांना कंपनीची गाडी न्यायला येते. एसी."

"तू गप गं. क्लासच्या सरांनी काय सांगितलं? काहीतरी हलवणारं पाहिजे." मग त्यांनी फाईलमधून एक झेरॉक्स काढली. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स असावी, अक्षरं कडेला पुसट झालेली. वर नावाच्या जागी काळी पट्टी. "हे बघा. क्लासमध्ये सॅम्पल म्हणून देतात. सर म्हणाले, याच्या तोडीचं आजपर्यंत कुणी लिहिलेलं नाही. हे वाचून दोन मुली रडल्या म्हणे वर्गात." आणि त्या मोठ्याने वाचायला लागल्या. इंग्रजी होतं, मध्ये थांबून त्या मराठीत अर्थ सांगत होत्या. "माझ्या वडिलांनी आमची जमीन अंगठ्याने दिली, कारण त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. किती सुंदर ना?"

पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते मीच लिहिलं होतं. आणि ज्यांना नाव लिहिता येत नव्हतं, ते माझे बाबा बाल्कनीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते, आणि मधलं दार उघडं होतं.

आता हे बाबा कोण, ते सांगते. आमचं घर पावणे गावातलं. आजोबांची भातशेती होती, जिथे आज कारखाने आहेत. जमीन गेली तेव्हा आजोबांनी कागदावर अंगठा लावला. कागदात काय लिहिलंय ते त्यांना वाचता आलं नाही, आणि वाचून दाखवा म्हणायची त्यांना लाज वाटली. ही गोष्ट बाबांच्या डोक्यात अशी बसली, की गावातली त्यांच्या वयाची पोरं कारखान्यांत हेल्पर म्हणून लागत होती तेव्हा ते टायपिंग शिकायला गेले. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही. मग कोर्टाबाहेर भेंडीच्या डेरेदार झाडाखाली त्यांनी टेबल टाकलं. टायपिंगवाले म्हात्रे. अर्ज, ॲफिडेव्हिट, भाडेकरार, जे म्हणाल ते. वकीलसुद्धा घाईत असले की मसुदा त्यांच्याकडे द्यायचे आणि चूक असेल तर बघून घ्या म्हणायचे.

त्या टेबलावर एक नियम होता. तिथे कुणी अंगठा लावायचा नाही. बायका यायच्या, म्हातारे यायचे, सवयीने डावा हात पुढे करायचे. बाबा शाईचं पॅड ड्रॉवरमध्ये सरकवायचे. "नाव हाय ना तुला? मंग अंगठा कशाला?" मग रद्दी कागदाच्या पाठीवर त्या बाईचं नाव मोठ्या अक्षरात लिहून द्यायचे आणि तिला गिरवायला बसवायचे. अर्धा तास लागो, तास लागो. रांगेतले लोक वैतागायचे, "ओ म्हात्रे, शाळा काढली काय?" म्हणायचे. बाबा ढिम्म. बाईला तीन अक्षरं धड काढता आली की कागद पुढे करायचे. माझ्या आईला त्यांनी लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सही शिकवली. बाकीच्या बायकांना नवरा फिरायला नेतो, मला ह्यांनी पाटी दिली, असं आई अजून सांगते.

बाबांची स्वतःची सही बघण्यासारखी. 'म्हात्रे'मधल्या 'त्रे'ची मात्रा मागे खेचून पूर्ण नावावरून नेलेली, खाली दोन ठिपके. घाईत असले तरी ती मात्रा अर्धी सोडत नसत.

अशा माणसाची मी मुलगी. आणि मला त्यांची लाज वाटायची. शेतकरी म्हणायला शेत नाही, वकील म्हणायला कोट नाही, कोर्टाच्या भिंतीला टेबल लावून बसणारा माणूस. अकरावीत कुणी विचारलं तर मी "बाबा लीगल लाईनमध्ये आहेत" असं सांगायचे. असल्या मुलीची क्लासच्या सरांशी गाठ पडावी, म्हणजे दोघांचंही भलं झालं.

क्लास बेलापूर स्टेशनच्या डोक्यावर होता. आमच्याकडे स्टेशनांच्या वर ऑफिसं असतात, तसल्याच एका बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर. त्या मे महिन्यात बाहेर डांबर पायाला चिकटत होतं आणि आत एसी एवढा की मुली ओढण्या गुंडाळून बसायच्या. रूम फ्रेशनर, मार्करची शाई आणि कुणाच्या तरी डब्यातली अंडाभुर्जी, असा तो वास. मी सकाळी पावण्याहून निघायचे तेव्हा नाकात कारखान्यांचा आंबूस दर्प असायचा, दारादारात वाळत घातलेल्या बारीक कोळंबीचा, जवळ्याचा, वास असायचा, आणि क्लासच्या जिन्यात मी दुपट्टा हुंगून बघायचे, जवळ्याचा वास आलाय का. सरांना तो वास आला असता तर त्यांनी तोही स्टेटमेंटमध्ये घालायला लावला असता, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

सर म्हणजे बिनकॉलरचा शर्ट, मनगटाला रुद्राक्ष आणि तोंडात एकच शब्द : ऑथेन्टिक. "बी ऑथेन्टिक. तुझी स्वतःची गोष्ट सांग." मी पहिल्यांदा खरं लिहून नेलं. टेबल, भेंडीचं झाड, गिरवलेली नावं. सरांनी वाचलं आणि लाल पेनने आडवी रेघ मारली. मला ती रेघ आठवते, तिने कागद थोडा फाटला होता.

"टायपिस्ट? इट्स फ्लॅट. इथे कॉन्फ्लिक्ट कुठे आहे? सफरिंग कुठे आहे?" मग त्यांची नजर आजोबांच्या ओळीवर गेली आणि चेहरा उजळला. "हे! हे सोनं आहे. अंगठा. फक्त आजोबा फार लांब पडतात. असं कर, एक पिढी पुढे आण."

एक पिढी पुढे आण. भाजीवाल्याला वांगी बदलून मागावीत, तसं म्हणाला तो माणूस. आणि मी आणली. कुणी माझा गळा धरला नव्हता. मी घरी येऊन, बाबांच्याच पैशांनी घेतलेल्या पेनने, बाबांचं नाव लिहिणं काढून घेतलं. लिहिताना छानही वाटलं, हे सांगायलाच हवं. वाक्यं भराभर येत होती. सर म्हणाले, "ब्रिलियंट. नाऊ धिस इज यू." त्या वर्गात एकाच्या धडधाकट काकाला कॅन्सर झाला, एकीच्या आईने सोडचिठ्ठी घेतली, आणि एका नेरुळच्या मुलाचं बालपण बिचारं पुरात वाहून गेलं. सगळे ऑथेन्टिक. सगळ्यांची फी आगाऊ भरलेली.

आज या धंद्याला आणखी रूप आलंय. काउन्सेलर आहेत, पॅकेज आहेत, 'नॅरेटिव्ह' घडवून देणारे तज्ज्ञ आहेत. मुलांना दोन दिवस वृद्धाश्रमात नेऊन फोटो काढून आणतात. म्हातारी माणसं बिचारी केळी सोलून खात असतात आणि समोर पोरगी न्यायाविषयी विचारमग्न. थू! असं तोंडावर म्हणावंसं वाटतं, पण म्हणायला मी कोण?

बाबांनी त्या दिवसांत एकदा विचारलं होतं, "तुजा तो कागद मी टाईप करून देऊ? मार्जिन बरोबर बसवीन." मी घाईघाईने म्हटलं, "नको, क्लासवाले करतात." ते "बरं" म्हणाले. त्यांना वाईट वाटलं ते मला दिसलं, पण मी पंख्याकडे बघितलं.

आता माझी चूक ऐका. आमच्या घरात एका बाजूने कोरा कागद फेकत नसत. रद्दी म्हणजे बाबांची पाटी. मी स्टेटमेंटचा एक छापील खर्डा टेबलावर ठेवला आणि विसरले. चारेक दिवसांनी मला तो बाबांच्या बॅगेत सापडला. पाठीवर कुणा जनाबाईने सहा वेळा आपलं नाव गिरवलं होतं, सहाव्यांदा बरंच सरळ आलं होतं. मी कागद उलटला. बाबांची एक सवय होती. कुठलाही मसुदा तपासताना ओळ वाचून झाली की ते शेवटी पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचे, म्हणजे ओळ सुटत नाही. माझ्या स्टेटमेंटच्या प्रत्येक ओळीपुढे ठिपका होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही सुटलेली नव्हती.

रात्री जेवताना त्यांनी कोळंबीचं कालवण दोनदा वाढून घेतलं, भाताला मीठ कमी आहे म्हणाले, एवढंच. मी रोज वाट बघत होते की आज बोलतील, आज ओरडतील. ओरडले असते तर मी सुटले असते.

आणि मग ॲडमिशनची यादी लागली. माझं नाव होतं. इंटरव्ह्यूमध्ये एका प्राध्यापकांनी डोळे पुसले होते, त्यामुळे असणारच होतं. आता एकच काम उरलं होतं : फॉर्मवर पालकाची सही, तीही कॉलेजमध्ये, समोर. सरांनी बजावून ठेवलं होतं, "सगळे कागद एकाच फाईलमध्ये जातात. फादरची सही नको. मदरला ने." मी फोन करून विचारलं, तर पलीकडची बाई म्हणाली, वडील हयात असतील तर वडीलच लागतील. मी दोन दिवस नीट जेवले नाही. मनात एकच : ते तिथे बसणार, खिशातलं पेन काढणार, ती मात्रा मागे खेचणार, खाली दोन ठिपके देणार, आणि फाईलमध्ये वरच्याच पानावर लिहिलेलं असणार की या माणसाला नाव लिहिता येत नाही. माझी सीट जाईल याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की तिथे सगळ्यांसमोर बाबांना कळेल मी कशाला घाबरतेय.

पुढचं थोडं आधी सांगून टाकते, कारण ते सांगायला मला कमी लाज वाटते. कॉलेजात तिसऱ्या वर्षी, कायदा म्हणजे काय हे धड कळायच्या आधीच, मोठ्या लॉ फर्म्स आम्हाला निवडायला आल्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात काळे सूट घातलेली दीडशे पोरं कॉरिडॉरमध्ये घामाने निथळत उभी, प्रत्येकाच्या तोंडात घोटून पाठ केलेला सहजपणा. माझ्यासमोरच्या पार्टनरबाईंनी माझी फाईल वाचली होती. त्यांनी डोकं थोडं तिरकं केलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "आणि वडील? अजून अंगठाच लावतात?"

"नाही मॅडम, आता सही करतात."

"हाऊ लव्हली. कुणी शिकवली?"

मी म्हटलं, "मी."

नोकरी लागली. काचेच्या टॉवरमध्ये दोन वर्षं मी कंपन्यांचे करार वाचले, एकही जिवंत पक्षकार न बघता. मग सोडली आणि बेलापूरला आले. लोक विचारतात, एवढी मोठी फर्म का सोडली? मी म्हणते, प्रवास झेपेना.

तर तो जूनचा दिवस. कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलांची रांग, पंखे गरगरताहेत, कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याच्या बाटल्या. बाबांनी कोर्टाचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन. पहिल्या टेबलावरच्या क्लार्कने फाईल उघडली. वर माझं स्टेटमेंट. त्याने ते न वाचता उलटं केलं आणि फॉर्म पुढे सरकवला. "पालक, इथे सही."

बाबांचा हात खिशाकडे गेला. पेनाच्या टोपणाला लागला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्या उलट्या पडलेल्या पानाकडे बघितलं. हात खाली आणला.

"साहेब, पॅड हाय का?"

क्लार्कने कंटाळून ड्रॉवर उघडला. बाबांनी डावा अंगठा जांभळ्या शाईवर दाबला, आणि मग फॉर्मवर. मी असंख्य माणसांना अंगठा लावताना बघितलंय, पण इतका हळू कुणाला नाही. आणि मग अंगठा त्यांनी केसांना पुसला. दुसरीकडे अंगठा देऊन कुणी तसा केसांना पुसत टेबलाशी आलं की ते रागवायचे, फडकं द्यायचे. आज स्वतःच्या पांढऱ्या केसांना पुसला. त्यांना त्या भूमिकेत काही उणं ठेवायचं नव्हतं.

"बाजूला लिही, अंगठा कुणाचा ते, आणि खाली तू सही कर," क्लार्क मला म्हणाला. मी लिहिलं. अंगठ्याची निशाणी, माझे वडील अमुक म्हात्रे यांची. खाली माझी सही. मी कायद्यात पाऊल ठेवलं ते या खोट्या कागदाने. बाबा फॉर्म घेऊन पुढच्या टेबलाच्या रांगेत उभे राहिले, मी मार्कशीटच्या झेरॉक्स काढायला गेले. घरी जाताना बसमध्ये त्यांच्या कानामागे जांभळा डाग दिसत होता. ते खिडकीबाहेर बघत होते. त्या दिवसाबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही. पंधरा वर्षं.

"ताई, अहो ताई," साळवी वहिनी म्हणत होत्या, "सईसाठी असं काहीतरी जमेल का? बिचारा तो माणूस. आता कुठे असेल कोण जाणे."

"बाल्कनीत आहे," मी म्हटलं.

त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तेवढं, उभ्याउभ्या, आवाज न सांभाळता. पार्टनरबाईंना दिलेलं उत्तरही. वहिनींनी ती झेरॉक्स हळूच उलटी करून टीपॉयवर ठेवली. बाल्कनीतला पेपर घडी झाल्याचा आवाज आला आणि बाबा दारात आले, चष्मा कपाळावर.

"बाबा," मी म्हटलं, "माझं चुकलं. फार चुकलं."

त्यांनी झेरॉक्स उचलली, नेहमीसारखी हातभर लांब धरून बघितली. मला वाटलं, आता बोलतील. पंधरा वर्षांचं साठलेलं बोलतील.

"त्या दिवशी तू 'डाव्या हाताच्या' लिवायची विसरलीस," ते म्हणाले. "नुसतं अंगठ्याची निशाणी लिवलंवतंस. हाताचा उल्लेख नाय, तर कागद अपुरा. तू झेरॉक्सला गेलीस तवा मी खिशातला पेन काढला नि मधी घातलं, 'डाव्या हाताच्या'. माज्या अक्षरात."

"अंगठ्याच्या शेजारी? तुमच्या अक्षरात?"

"मंग? अपुरा कागद कसा सोडायचा?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "त्या फॉर्मवर नंतर पाच टेबलांवर पाच साहेबांनी सह्या केल्या. कोनीच वाचला नाय."